तपासले, वापरास योग्य

कापडी डायपरची कल्पना माझी होती, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. घरात ते कुणीच विसरलेलं नाही, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नाही.

झालं असं, की माझ्या बायकोला परदेशातून बोलावणं आलं. ती एका संग्रहालयात जुने नकाशे दुरुस्त करते. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी काहीतरी सांडून ठेवलेला नकाशा तिच्या टेबलावर येतो आणि दोन महिन्यांनी त्यावरच्या नद्या पुन्हा नद्यांसारख्या दिसायला लागतात. या कामाचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. आख्ख्या देशातून दोघांनाच बोलावलं होतं, आणि नवरा-मूल बरोबर आणायला हरकत नव्हती. नऊ वर्षं ती या एका पत्राची वाट पाहत होती. पत्र आलं, तिने ते दोनदा वाचलं, घडी करून फ्रिजवर ठेवलं, आणि होकार काही कळवला नाही. कळवायची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर होती.

कारण ठकू. ठकू म्हणजे आमची मुलगी, वय चौदा महिने. दिवसभर बायको वर्गात, म्हणजे परक्या गावात, परक्या खोलीत ठकूला सांभाळणार मी. मी तर छाती पुढे काढून रजेचा अर्जही टाकला. पण बायकोला शंका होती आणि ती तिने आडवळणाने न सांगता तोंडावरच सांगितली.

"चौदा महिन्यांत तू तिचा डायपर एकट्याने एकदाही बदललेला नाहीस. अर्ध्यावर आलास की हाक मारतोस, 'अगं, जरा येतेस का?' तिथे मी वर्गात असेन. कोण येणार?"

हे पूर्णपणे खरं नव्हतं. पहिला अर्धा भाग मी कितीतरी वेळा यशस्वीपणे पार पाडलेला आहे. डायपर उघडण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. उघडल्यावर आत जे असतं त्याचं पुढे काय करायचं, एवढाच काय तो प्रश्न असायचा.

त्यात आणखी एक भर पडली. संग्रहालयाच्या संचालकांनी बाळाच्या डॉक्टरचा दाखला मागितला, 'प्रवासास योग्य' असा. मागच्या वेळी गेलेल्या बाई मूल आजारी पडलं म्हणून चौथ्या दिवशी परत आल्या होत्या, ते साहेब अजून विसरले नव्हते. आणि नेमके त्याच आठवड्यात बाजारातल्या डायपरने ठकूला लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, की हे जाईपर्यंत मी कशावरही सही करणार नाही, कापडी वापरून बघा. बायकोने फ्रिजकडे पाहिलं. तिची ती नजर मला बघवली नाही. मी म्हणालो, "कापडी तर कापडी. आणणं, धुणं, वाळवणं, तू काही बघू नकोस. सगळं मी बघतो."

'सगळं मी बघतो' हे वाक्य माणसाने आयुष्यात जपून वापरावं.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी एका सरकारी तंत्रनिकेतनात भांडारपाल आहे. तिथे हातोडीपासून टेबलाच्या आवरणापर्यंत जी वस्तू येते, ती आधी माझ्याकडे येते. मी ती मोजतो, क्रमांक देतो, तिच्यावर 'तपासले, वापरास योग्य, भांडारपाल' असा गोल शिक्का मारतो, आत बारीक सही करतो, मगच ती वापरात जाते. तेरा वर्षांत बिनशिक्क्याची वस्तू माझ्या हातून सुटलेली नाही. लोक मला मागून 'शिक्केपंत' म्हणतात हे मला माहीत आहे. माझा त्याला आक्षेप नाही.

जेव्हा चोवीस डायपर घरी आले, बाहेरून हत्तींची चित्रं, आतून पांढरंशुभ्र मऊ कापड, कमरेला धातूची टिचबटणं, तेव्हा मी ते तसेच वापरायला देणं शक्यच नव्हतं. कार्यशाळेतल्या ॲप्रनना लावतो ती शाई मी घरी आणली. बाहेर हत्तींच्या गर्दीत शिक्का नीट वाचता येईना, म्हणून तो आतून मारला. हा निर्णय अत्यंत विचारपूर्वक घेतला होता. नग एक ते नग चोवीस. मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दोन दिवस वाळवले. त्या दोन दिवसांत बायकोने एकदाच विचारलं, की हे असं करणं खरंच गरजेचं आहे का. मी तिला नोंदवही दाखवली. दिनांक, वेळ, नग क्रमांक, दिला, परत आला, शेरा. तिने वही परत माझ्या हातात दिली आणि आत गेली.

दोन दिवसांनी वापर सुरू झाला आणि इमारतीला बातमी लागली.

शेजारच्या नर्सकाकू तीस वर्षं प्रसूतिगृहात काढून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मते टिचबटणं हा सगळा भपका, घडी महत्त्वाची. त्यांनी मला उशीवर तीन घड्या शिकवल्या. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअरकाका त्याच वेळी तिथे आले आणि म्हणाले, की घडी ही दुय्यम बाब आहे, मूळ प्रश्न वाळवण्याचा आहे. मग दोघांचं घडी विरुद्ध वाळवण असं जे जुंपलं, ते दीड तास चाललं. उशी मधल्या मध्ये गुंडाळलेली राहिली आणि ठकूने तेवढ्यात सतरंजीवर दोन्ही प्रश्न निकालात काढले. मी सवयीने हाक मारली. बायको आली, तिने सगळं आवरलं आणि माझ्याकडे न बघता गेली. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी तिच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'नग सहा. दिला कुणी? धुणार कोण?'

खरं सांगायचं तर वाळवण हा प्रश्न होताच. ढगाळ दिवस होते आणि आमची मागची गॅलरी म्हणजे हवा कशी असते हे विसरलेली जागा. इंजिनिअरकाकांनी आमच्या पुढच्या गॅलरीतून लिंबाच्या झाडापर्यंत कप्पीवर फिरणारी दोरी बसवून दिली. दोरी ओढली की डायपर हवेत जायचे आणि पुन्हा ओढली की परत यायचे. दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी कप्पी अडकली, बारा डायपर झाडाजवळ जाऊन बसले ते परतच येईनात, आणि दुपारी इमारतीच्या सेक्रेटरींची लेखी नोटीस आली. इमारतीच्या दर्शनी बाजूस हत्तींची चित्रं असलेले बारा ध्वज कोणत्या संघटनेचे लावले आहेत आणि त्यास परवानगी कोणी दिली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असं तीत म्हटलं होतं.

मी खुलासा केला. दोन पानी केला. ते ध्वज नसून शोषक वस्त्रं आहेत, हे सप्रमाण लिहिलं आणि नोंदवहीचा उतारा जोडला. सेक्रेटरींनी उतारा वाचला, त्यातला शेऱ्याचा रकानाही वाचला, आणि त्यानंतर ते मला जिन्यात भेटले की भिंतीकडे बघून चालायला लागले. डायपर शेवटी इंजिनिअरकाकांनी पडदा लावायच्या काठीने काढले, पण दोरी उतरवावी लागली.

चट्टे मात्र कमी होत होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्या धांदलीत मूळ काम चोख चाललं होतं आणि त्याचं श्रेय मला कुणीही दिलं नाही.

आता वाळवायचे कुठे? माझ्या भांडाराच्या मागच्या खोलीत दोन मोठे पंखे होते. दुरुस्त होऊन आलेले, आठ दिवस अखंड चालवून बघायचे, असा आमचा नियम. म्हणजे पंखे तर फिरणारच होते. मी त्यांच्यापुढे सुतळी बांधली आणि सकाळी ओले डायपर न्यायचे, संध्याकाळी वाळलेले आणायचे, असं सुरू केलं. पंख्यांची तपासणी आणि डायपरची वाळवण एकाच विजेवर. माझ्या मते हा काटकसरीचा नमुना होता.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, साठा पडताळणी करणारे साहेब न सांगता आले. ते वर्षातून एकदाच येतात आणि कधीही येतात. त्यांनी हातोड्या मोजल्या, पान्हे मोजले, मग ते मागच्या खोलीत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत गेलो. साहेब पंख्याच्या वाऱ्यात उभे राहून नग अकरा आतून वाचत होते.

त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, खासगी आहे. ते म्हणाले, यावर तर भांडाराचा शिक्का आहे, क्रमांक आहे, सही आहे. मी म्हणालो, तो मीच मारला आहे, चोवीसच्या चोवीस नगांवर. साहेबांनी चष्मा काढला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे एकतर तुम्ही खासगी वस्तूवर सरकारी शिक्का मारलात, नाहीतर या चोवीस वस्तू सरकारी आहेत आणि साठ्यात दाखवलेल्या नाहीत. यातलं काय लिहू, तुम्हीच सांगा."

पहिलं लिहिलं असतं तर माझी तेरा वर्षं गेली असती. मी दुसरं म्हणालो.

साठ्यात वस्तू कमी भरली तर एकवेळ माणूस निभावून नेतो. जास्त भरली तर त्याहून वाईट, कारण ती आली कुठून हे सांगायला लागतं. 'देणगीदाखल प्राप्त' असं लिहून मी चोवीसच्या चोवीस डायपर संस्थेला अर्पण केले. ते कोणत्या सदरात घालायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी हातमोजे आणि हेल्मेट यांच्या खाली, सुरक्षा साधनांत गेले. आणि आता माझ्याच मुलीचे डायपर मला फाटकाबाहेर न्यायला प्राचार्यांची परवानगी लागणार होती.

प्राचार्य भला माणूस. त्यांनी मान खाली घालून 'परत करण्याच्या अटीवर' असा परवाना लिहिला. कुठे नेणार या ओळीत मला 'परदेशी' लिहावं लागलं, तेव्हा त्यांचं पेन थांबलं, आणि मग त्यांनी सही केली. पडताळणीवाल्या साहेबांनी फक्त एक अट घातली. धुऊन धुऊन शिक्के पुसट झाले आहेत, तर वस्तू बाहेर नेण्यापूर्वी ते पुन्हा ठळक मारावेत. घरचे उरलेले नगही मागवून मी त्यांच्यासमोर, संध्याकाळी साडेपाच वाजता, सगळे चोवीस शिक्के पुन्हा मारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ होती. होकार कळवायची शेवटची तारीख शुक्रवार. दोन दिवस वाळवायला वेळ कुणाला होता?

बायकोला सुट्टी मिळेना, म्हणून ठकूला घेऊन मी एकटा गेलो. निघताना नग चौदा घातला. म्हणजे, बायकोने घातला. डॉक्टरांच्या टेबलावर ठकूला निजवलं, टिचबटणं मी स्वतः काढली, कारण तो भाग मला येतो. डॉक्टर वाकले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे निळं कधीपासून आहे?"

मी म्हणालो, काल नव्हतं. त्यांनी नर्सला हाक मारली. बॅटरी आली. छातीला नळी लावून झाली, नखं बघून झाली, ओठ बघून झाले. ठकूला हे सगळं फार आवडलं, ती बॅटरी धरायला बघत होती. मला मात्र फ्रिजवरचं पत्र दिसत होतं. एवढा एक दाखला, एवढी एक सही, आणि बायकोची नऊ वर्षं. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळ्याला निळं लागलं, आणि मग ते बोळ्याकडे बघत बसले. मग ठकूला उचलून, तिची पाठ करून, ते हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशापाशी गेले. डॉक्टरांनी उलटी उमटलेली अक्षरं आरशात बघून सावकाश वाचली.

"तपासले. वापरास योग्य. भांडारपाल." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सही कुणाची?"

मी म्हणालो, माझीच.

नर्स बाहेर गेली, आणि बाहेर गेल्यावर ती का गेली ते ऐकू आलं. डॉक्टर टेबलाशी येऊन बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. चट्टे एकही राहिलेले नव्हते. त्यांनी दाखला लिहिला, सही केली आणि म्हणाले, माझ्या आधी एका जबाबदार अधिकाऱ्याने तपासलेलंच आहे, तेव्हा मला अडचण नाही. शाई अपायकारक नाही, आठ-दहा दिवसांत जाईल, घासू मात्र नका.

दाखला मिळाला. पण हा शिक्का बायकोने बघितला, तर हातातला दाखला काय कामाचा? 'सगळं मी बघतो' म्हणणाऱ्या माणसाने मुलीच्या बुडावर शिक्का मारून आणला, हे कळल्यावर ती ठकूला माझ्या ताब्यात देऊन वर्गात जाऊन बसेल, ही शक्यताच नव्हती. होकाराला दोन दिवस उरले होते. म्हणजे दोन दिवस ठकूचं बूड माझ्याखेरीज कुणाच्याही नजरेला पडता कामा नये.

मी घरी जाहीर केलं, की आजपासून डायपर बदलणं आणि आंघोळ, दोन्ही माझ्याकडे. बायकोने भुवया वर केल्या, पण हरकत घेतली नाही.

पहिल्याच खेपेला मी अर्ध्यावर आलो. दोन्ही हात अडकलेले, ठकू पालथी होऊन पळायच्या बेतात, आणि सवयीने शब्द ओठांवर आले. "अगं, ज..." एवढं बोलून मी तोंड मिटलं. बाहेरून बायको म्हणाली, काही हवंय का? मी म्हणालो, काही नाही, खोकला आला. आणि मग, कुणालाही न बोलावता, मी तो दुसरा अर्धा भाग पार पाडला. कसा ते विचारू नका. टॉवेल टाकून द्यावा लागला. पण ठकू कोरडी झाली आणि माझ्याकडे बघून हसली, आणि मला अचानक फार आनंद झाला. चौदा महिन्यांत मला कुणी सांगितलंच नव्हतं, की यात दुसरा भाग जास्त मजेचा असतो.

त्यानंतर माझा हात बसला. गुरुवारी दुपारपर्यंत मी एका हाताने टिचबटणं लावत होतो. नर्सकाकूंच्या तीन घड्यांतली दुसरी घडी ठकूला मानवते, हे मी स्वतः शोधून काढलं. ठकू रांगत सुटली की मी मागून रांगत जाऊन डायपर बसवायचो. फक्त शिक्का काही हलेना. शेवटी न राहवून मी रात्री जेवताना बायकोला विचारलं, की समजा एखाद्या नाजूक वस्तूवर चुकून शिक्क्याची शाई लागली, तर तुमच्याकडे काय करतात?

तिने विचारलं, "कागद आहे की कापड? किती जुनं आहे?"

"चौदा महिने," मी बोलून गेलो.

ती क्षणभर हातातला घास तसाच धरून थांबली. मग म्हणाली, "मग फार जुनं नाही. घासायचं नाही. कोमट पाणी, आणि दिवसातून एकदा थोडं तेल. आपोआप जातं." आणि ती भाजी वाढून घ्यायला वळली. मी तिचे मनातल्या मनात आभार मानले, की बरं झालं हिला काही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने फ्रिजवरचं पत्र काढलं आणि होकार कळवला. मला काही सांगितलं नाही. मी आंघोळ घालून बाहेर आलो तर पत्राची जागा रिकामी दिसली. ठकूला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघरात तीन फेऱ्या नाचलो.

तिकिटं प्रशिक्षणवाल्यांनी राखून ठेवलेली होती, व्हिसाचे अर्ज संग्रहालयाने पत्र आलं तेव्हाच टाकले होते आणि व्हिसाही आला होता. पुढच्या बुधवारी आम्ही विमानतळावर. पायात बूट नाहीत, कमरेला पट्टा नाही, अशा अवस्थेत मी रांगेतून सुटलो आणि मागे यंत्र ओरडलं. ठकूच्या कमरेची टिचबटणं. सुरक्षा तपासणीच्या बाईंनी बायकोला आणि ठकूला पडद्यामागे बोलावलं, डायपर उघडून बघावा लागेल म्हणाल्या.

मी पुढे झालो. म्हणालो, उघडायचं काम माझं आहे, हा माझा विभाग आहे. बाई म्हणाल्या, पुरुषांना आत यायला परवानगी नाही. मी घाईघाईने प्राचार्यांचा परवाना काढून दिला, की ही संस्थेची सुरक्षा साधनं आहेत, सगळं नियमानुसार आहे. बाईंनी तो पूर्ण वाचला, परवान्यावरचे 'चोवीस डायपर' दोनदा वाचले, आणि पडदा ओढून घेतला.

मी बाहेर बूट हातात धरून उभा. तेल लावून शिक्का बराच गेला होता, पण 'योग्य' एवढा शब्द अजून शाबूत होता. आता तिला कळणार. आठ दिवसांची लपवाछपवी, इथे, विमान समोर उभं असताना. आतून काही ऐकू येईना. मग त्या बाई हसल्या. मग बायको हसली, आणि ती काही केल्या थांबेना.

ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"मी मागच्या बुधवारीच पाहिलाय. तू बादली भरायला गेला होतास तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू परत हाक मारायला मोकळा झाला असतास." तिने ठकूला माझ्या कडेवर दिलं. "शिक्का बघून मी नाहीच म्हणणार होते. पण मग दोन दिवस तुला बघितलं."

बूट घालायला मी खाली बसलो आणि बराच वेळ बसून राहिलो, कारण नाडी दिसत नव्हती. पुढे पासपोर्ट तपासणारे गृहस्थ ठकूचा कोरा पासपोर्ट चाळत कौतुकाने म्हणाले, बाळाचा पहिलाच शिक्का वाटतं. बायको म्हणाली, दुसरा.

विमान वर गेलं आणि पट्टे सोडायची परवानगी मिळाल्यावर तिसऱ्या मिनिटाला ठकू लाल होऊन स्थिर झाली. त्याचा अर्थ आम्हा दोघांना ठाऊक होता. बायकोच्या मांडीवर प्रशिक्षणाचे कागद उघडे होते. मी पिशवीतून नग सात काढला, ठकूला उचललं आणि त्या एवढ्याशा संडासाकडे निघालो. मागून बायकोचा आवाज आला.

"अरे, जरा येऊ का?"

मी म्हणालो, नको, तू वाच.